दोन सिनेगॉग एक होतात तेव्हा नेमकं काय एक होतं?

मे २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या ज्यू समाजात एक मतदान झालं. ‘लिबरल ज्युडाइझम’ आणि ‘मूव्हमेंट फॉर रिफॉर्म ज्युडाइझम’ या दोन संघटनांनी आपापल्या वेगळ्या सभा घेतल्या आणि एकत्र येण्याचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर केला. एकत्रित संघटनेचं नाव ठरलं ‘मूव्हमेंट फॉर प्रोग्रेसिव्ह ज्युडाइझम’. दोघांची मिळून साधारण ऐंशी मंडळं. सिनेगॉगचं रीतसर सभासदत्व असलेल्या ब्रिटिश ज्यूंपैकी अंदाजे तीस टक्के लोक या एका छत्राखाली आले.

बातमी वाचून एका मित्राने विचारलं, “दोघेही सुधारकच ना? मग शंभर-सव्वाशे वर्षं वेगळे कशाला राहिले? आणि राहिलेच होते, तर आता एकत्र यायची घाई काय?” प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र दोन ओळींत देता येत नाही.

माझ्या डोळ्यासमोर आलं ते वेगळंच. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली दोन गणपती मंडळं एक झाली. भांडण गणपतीवरून कधीच नव्हतं. तीन बैठका गेल्या त्या नावात आधी कोणाचं नाव लावायचं, जुनी पावतीपुस्तकं संपवायची की फाडायची, आणि एका मंडळाच्या स्पीकरच्या खोक्यांवर ऑइलपेंटने रंगवलेलं देणगीदाराचं नाव तसंच ठेवायचं का, यावर. ज्यू प्रार्थनामंडळांच्या विलीनीकरणाची कथा यापेक्षा फार वेगळी नाही. फक्त तिथे स्पीकरच्या खोक्यांच्या जागी हस्तलिखित ग्रंथ आणि स्मशानभूमी येतात, म्हणून गुंता जास्त.

आधी चार शब्द समजून घेऊ

सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. पण इमारत ही त्यातली दुय्यम गोष्ट. खरं एकक म्हणजे माणसांचा गट, म्हणजे मंडळ. हे मंडळ वर्गणी गोळा करतं, विश्वस्त निवडतं, मुलांचे धर्माचे वर्ग चालवतं आणि माणूस गेला की दफनाची व्यवस्था बघतं. रब्बी हा धर्माचा जाणकार आणि शिक्षक. मंडळ त्याला नेमतं आणि पगार देतं. म्हणजे वरून कोणी धर्मगुरू पाठवत नाही. ज्यू धर्मात पोपसारखं सर्वोच्च पद नाही, त्यामुळे ‘वरून आदेश आला आणि दोघे एक झाले’ असं घडू शकत नाही. जे होतं ते सर्वसाधारण सभेत, हात वर करून.

तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ. प्रार्थनेत वाचायचा तोरा छापील चालत नाही. तो चर्मपत्राच्या गुंडाळीवर हाताने लिहिलेला असावा लागतो. परंपरेच्या मोजणीनुसार त्यात ३,०४,८०५ अक्षरं असतात, आणि त्यातलं एक जरी तुटलं तरी दुरुस्त होईपर्यंत ती गुंडाळी वाचनाला चालत नाही. ज्या कपाटात ती ठेवतात त्याला आपल्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, ‘हेखाल’ म्हणतात.

उरला शब्द ‘प्रागतिक’. ही मंडळी मानतात की धर्मनियम माणसाने त्या त्या काळात घडवले आणि पुढच्या पिढीला ते पारखून बदलण्याचा अधिकार आहे. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पारंपरिक, ज्यूंना हे मान्य नाही. त्यांच्या दृष्टीने नियम ईश्वरी आहेत आणि आपण ते पाळायचे. प्रागतिकांच्या सिनेगॉगमध्ये स्त्री-पुरुष एकत्र बसतात, स्त्रिया रब्बी होतात आणि प्रार्थनेचा काही भाग लोकांच्या रोजच्या भाषेत होतो.

सुरुवात जर्मनीत झाली. १८१० साली झेसेन या गावी इस्रायल जेकबसन या गृहस्थाने प्रार्थनेत चक्क ऑर्गन आणला आणि जर्मनमध्ये प्रवचन दिलं. १८१८ मध्ये हॅम्बुर्गला याच विचाराचं मंडळ उभं राहिलं. तिथून हे वारं लंडन आणि अमेरिकेत पोचलं.

मग लंडनमध्ये दोन चुली का पेटल्या?

पहिली चूल १८४० ची, वेस्ट लंडन सिनेगॉगची. गंमत म्हणजे ती स्वतःच एक विलीनीकरण होती. लंडनच्या ज्यूंमध्ये तेव्हा दोन परंपरा होत्या. स्पेन-पोर्तुगालहून आलेले सेफार्दी आणि जर्मनी-पोलंडकडचे अश्केनाझी. हिब्रूचे उच्चार वेगळे, चाली वेगळ्या, सिनेगॉगही वेगळे. दोन्हीकडच्या मिळून चोवीस जणांनी ठरवलं की आपण एकत्र बसायचं. त्यांनी नाव घेतलं ‘वेस्ट लंडन सिनेगॉग ऑफ ब्रिटिश ज्यूज’. ‘ब्रिटिश ज्यू’ हे शब्द मुद्दाम घातलेले होते. आम्ही पोर्तुगीजही नाही आणि जर्मनही नाही, आता इथले, असं त्यांना म्हणायचं होतं.

यामागे धर्मसुधारणा होती, तसंच पायांचं दुखणंही होतं. श्रीमंत कुटुंबं शहराच्या पश्चिमेला राहायला गेली होती. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी करायची नाही, म्हणजे जुन्या शहरातल्या सिनेगॉगपर्यंत चालत जायचं. जवळ शाखा काढायची म्हटलं, तर सेफार्द्यांच्या जुन्या बेव्हिस मार्क्स सिनेगॉगचा नियम आडवा येई. ठरावीक अंतराच्या आत दुसरं प्रार्थनास्थळ काढायला मनाई होती. धर्माच्या इतिहासात अंतर आणि भाडं यांनी किती मोठी कामं केली आहेत, यावर कोणीतरी खरंच लिहायला हवं. या मंडळाभोवती पुढे जी संघटना वाढली ती ब्रिटिश ‘रिफॉर्म’.

दुसरी चूल १९०२ ची. लिली माँटेग्यू नावाची तरुणी आणि क्लॉड माँटेफिओर हे विद्वान यांनी ‘ज्युइश रिलिजस युनियन’ काढली. लिलीचे वडील सॅम्युएल माँटेग्यू, पुढे लॉर्ड स्वेथलिंग, मोठे बँकर आणि कडवे पारंपरिक. मुलीच्या या उद्योगाला त्यांचा अखेरपर्यंत विरोध राहिला. मुलगी मागे हटली नाही. युनियनची पहिली प्रार्थना एका हॉटेलला जोडलेल्या सभागृहात झाली, बरीचशी इंग्रजीत, बायका-पुरुष शेजारी शेजारी बसलेले. हीच पुढे ‘लिबरल’ चळवळ झाली. लिबरलांना रिफॉर्मवाले फार हळू वाटत, रिफॉर्मवाल्यांना लिबरल फार घाईचे. एवढाच फरक, पण तो शतकभर पुरला.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल. अमेरिकेत ज्याला ‘रिफॉर्म’ म्हणतात ते ब्रिटनच्या ‘लिबरल’च्या जास्त जवळचं आहे. एकच पाटी, दोन देशांत दोन दुकानं.

मुंबईशी याचा संबंध काय?

आहे, आणि चांगला जवळचा आहे. लंडनमध्ये वैद्यकीचं उच्च शिक्षण घेणाऱ्या एका बेने इस्रायली मराठी बाईंवर या लिबरल चळवळीचा प्रभाव पडला. त्या म्हणजे डॉ. जेरुशा झिराड, नंतर मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ च्या पद्मश्री. आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचं. १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत मंडळ काढलं, आणि त्याचं नावही ‘ज्युइश रिलिजस युनियन’ असंच ठेवलं. त्यांचा सिनेगॉग म्हणजे भायखळ्याचा रोडेफ शालोम. १९२६ मध्ये लंडनला प्रागतिक ज्यूंची जागतिक संघटना उभी राहिली, तीही लिली माँटेग्यूंच्या पुढाकाराने. रोडेफ शालोम त्याच कुटुंबातला. म्हणजे २०२५ ला लंडनमध्ये ज्या घराने नाव बदललं, त्याची एक मुलगी भायखळ्यात नांदते आहे.

मराठी ज्यूंच्या बोलण्यात सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणायची पद्धत होती. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेला मुंबईतला पहिला सिनेगॉग म्हणजे ‘जुनी मशीद’, आणि मस्जिद स्टेशनचं नाव तिच्यावरूनच आलं असं मानतात. त्याच भागात काही दशकांनी ‘नवी मशीद’ही उभी राहिली. जुनी आणि नवी, दोन्ही हाकेच्या अंतरावर. दुसरं मंडळ निघणं हा ज्यूंचा, आणि खरं सांगायचं तर आपल्या सगळ्यांचाच, जुना छंद आहे.

विलीनीकरण दोन प्रकारचं असतं

बातम्यांमध्ये इथेच घोळ होतो. ब्रिटनमध्ये जे झालं ते वरच्या संघटनांचं विलीनीकरण. दोन महासंघ एक झाले, खालची मंडळं आहेत तशी राहिली. आपल्याकडे दोन बँका एक होतात तेव्हा आपलं खातं, आपली शाखा आणि शाखेतला तोच शिपाई राहतो, बदलतं ते पासबुकावरचं नाव. साधारण तसंच. एखाद्या गावातला लिबरल सिनेगॉग उद्याही आपल्याच चालीत गाणार आहे.

दुसरा प्रकार अवघड. एकाच शहरातली दोन मंडळं खरोखर एका इमारतीत, एका विश्वस्त मंडळाखाली, एका वर्गणीत येतात. यात प्रत्येक खुर्चीचा प्रश्न येतो.

मधला एक मार्गही आहे. वायव्य लंडनमध्ये ‘मोझेक’ नावाच्या समूहात रिफॉर्म, लिबरल आणि त्यांच्यापेक्षा थोडं पारंपरिक असं तिसरं मंडळ एका छताखाली राहतात. प्रार्थना आपापली, कार्यक्रम आणि शिक्षण एकत्र. आपल्या चाळीसारखं. छप्पर एक, चुली वेगळ्या, नळ मात्र सामायिक. माझं मत विचाराल तर पुष्कळ ठिकाणी हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा ठरेल. लोकांना शेजार हवा असतो, पण आपली फोडणी सोडायची नसते.

अमेरिकेतल्या दोन गोष्टी

दुसऱ्या प्रकाराची सगळ्यात भव्य गोष्ट न्यूयॉर्कची. तिथे १८४५ मध्ये स्थापन झालेलं ‘टेंपल इमॅन्यु-एल’ होतं, आणि १८७४ चं ‘टेंपल बेथ-एल’. हे बेथ-एल स्वतःच दोन जुनी मंडळं एकत्र येऊन झालेलं. दोन्ही रिफॉर्म, दोन्ही श्रीमंत, दोन्ही फिफ्थ अॅव्हेन्यूवर. १९२७ मध्ये ती एक झाली आणि पासष्टाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर नवी इमारत उठली. पूर्वी तिथे अॅस्टर घराण्याचा वाडा होता. मुख्य सभागृहात सुमारे अडीच हजार माणसं बसतात.

नाव इमॅन्यु-एलचं राहिलं. म्हणजे बेथ-एलवाले हरले? तसं म्हणता येईल. पण मोठ्या सभागृहाला लागून एक छोटं घुमटाकार प्रार्थनागृह बांधलं आणि त्याला नाव दिलं ‘बेथ-एल चॅपेल’. दोन्हीकडचे रब्बी, हायमन एनेलो आणि सॅम्युएल शुलमन, काही काळ एकाच व्यासपीठावर राहिले. मंडळाचे अध्यक्ष होते नामवंत वकील लुई मार्शल. सप्टेंबर १९२९ मध्ये झुरिकला त्यांचं निधन झालं, आणि नव्या वास्तूत जी पहिली प्रार्थना झाली ती त्यांच्याच अंत्यविधीची.

दुसरी गोष्ट शिकागोची. तिथल्या एका सिनेगॉगचं नाव आहे ‘केएएम आयझाया इस्रायल’. आपल्याकडे दोन्ही घरांची आडनावं लावणाऱ्या लेखिका असतात तसं हे नाव, फक्त यात घरं जास्त आहेत. केएएम, म्हणजे ‘केहिलाथ अन्शे माराव’, हे १८४७ चं, शिकागोतलं पहिलं ज्यू मंडळ. १८५२ मध्ये त्यातून काही जण फुटले आणि त्यांनी ‘ब्नाय शालोम’ काढलं. कारण? केएएम पुरेसं कर्मठ राहिलं नाही म्हणे. हे ब्नाय शालोम पुढे स्वतःच सुधारक झालं, ‘टेंपल इस्रायल’मध्ये मिसळलं, आणि १९२४ मध्ये ‘आयझाया’शी एक झालं. १९७१ मध्ये हे सगळं गाठोडं पुन्हा केएएमच्या घरी आलं. ११९ वर्षांचा फेरा. जे अधिक सोवळे म्हणून बाहेर पडले, त्यांचे वारस तितकेच सुधारक होऊन परतले.

त्या एकत्रीकरणात केएएमने आपली इमारत सोडली. ती घेतली रेव्हरंड जेसी जॅक्सन यांच्या नागरी हक्कांच्या संघटनेने, आणि आजही तिथून त्या संघटनेचं काम चालतं. मंडळ राहिलं आयझाया इस्रायलच्या वास्तूत. याच सिनेगॉगसमोरच्या रस्त्यावर बराक ओबामांचं घर.

टेबलावर कागद कोणते येतात?

पहिला कागद नावाचा. ते किती नाजूक आहे हे वर दिसलंच.

दुसरा प्रार्थनेच्या पुस्तकाचा. ज्यू प्रार्थनापुस्तकाला ‘सिद्दूर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये लिबरलांचं वेगळं, रिफॉर्मचं वेगळं. रिफॉर्मच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती थेट १८४१ ची. वरवर पाहिलं तर मजकुरात फार फरक नाही. पण चाळीस वर्षं दर शनिवारी जे पान आपोआप उघडतं ते हातातून काढून घेतलं की माणूस हरवतो. आरतीच्या पुस्तकात ‘घालीन लोटांगण’ एकदम मधल्या पानावर गेलं तर आपलं काय होईल? शब्द पाठ असतात, तरी हात शोधत राहतो.

तिसरा चालींचा. यावर घटनेत कलम नसतं आणि नेमकं यावरच लोक रडतात. एका मंडळात ऑर्गन आणि गायकवृंद, दुसऱ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवत म्हणायचं. दोन्ही प्रागतिकच. पण आजोबांची चाल गेली की आजोबा पुन्हा एकदा गेल्यासारखं होतं.

चौथा कागद हेखालमधल्या गुंडाळ्यांचा. दोन्ही मंडळांकडे तोरा असतो, बहुधा एकाहून जास्त. काही गुंडाळ्यांचा स्वतःचा इतिहास असतो. कोणाच्या आईच्या स्मरणार्थ दिलेली, कोणी युरोपातून वाचवून आणलेली. त्या मालट्रकात घालून नेत नाहीत. जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत मिरवणुकीने नेतात, वर चौघांनी धरलेलं छत्र, मागे गाणारी माणसं, हात बदलत बदलत. पालखी बघितलेल्या माणसाला ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही. जी गुंडाळी वाचनाला चालेनाशी झाली असेल, ती फेकत नाहीत, दफन करतात.

पाचवा भिंतीवरच्या नावांचा. बहुतेक सिनेगॉगमध्ये गेलेल्यांच्या नावांचे पितळी फलक असतात, प्रत्येक नावाशेजारी छोटा दिवा. ज्याचं वर्षश्राद्ध त्या आठवड्यात येतं, त्याचा दिवा लागतो. आता इमारत विकायची म्हटल्यावर हे फलक कुठे लावायचे? नव्या भिंतीवर जागा कमी असेल तर कोणाची नावं पायऱ्यांखाली जातील? या एका प्रश्नापुढे हिशेबनीसाचा ताळेबंद किरकोळ.

सहावा स्मशानाचा. ब्रिटनमध्ये सिनेगॉगची वर्गणी भरण्याचं पुष्कळांच्या मनातलं एक रोकडं कारण म्हणजे मेल्यावरची सोय. वर्गणीत दफनाचा खर्च धरलेला असतो. लंडनच्या गोल्डर्स ग्रीनमधल्या हूप लेनच्या दफनभूमीत हे मतभेद दगडातच दिसतात. एका बाजूला सेफार्द्यांच्या जमिनीवर आडव्या ठेवलेल्या शिळा, दुसऱ्या बाजूला वेस्ट लंडन सिनेगॉगच्या उभ्या शिळा. फाटक एकच. कुठल्याही विलीनीकरणात हे दगड हलत नाहीत. जिवंत माणसं एक झाली तरी मेलेली आपापल्या पद्धतीनेच झोपून राहतात.

पण खरा अडसर: ज्यू कोण?

वरचं सगळं सोडवता येतं. वेळ लागतो, चहा लागतो, पण सुटतं. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये असाच प्रयत्न झाला होता आणि फसला, त्यामागे मात्र याहून जड प्रश्न होता.

परंपरेप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. आई ज्यू तर मूल ज्यू. वडील ज्यू आणि आई दुसऱ्या धर्माची असेल तर मुलाला रीतसर धर्मप्रवेश करावा लागतो. लिबरलांनी हा नियम फार पूर्वीच सैल केला. दोघांपैकी कोणीही एक ज्यू आणि मूल ज्यू म्हणून वाढवलेलं, तर ते ज्यू. अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी हाच निर्णय १९८३ मध्ये घेतला. ब्रिटिश रिफॉर्म मात्र अडून राहिला, आणि अगदी अलीकडे, २०१५ च्या सुमारास, त्यांच्या रब्बींनी दार उघडलं.

दोन संघटना वेगळ्या राहण्याचं सगळ्यात मोठं तात्त्विक कारण तिथेच संपलं. बाकी पुष्कळसं आधीच एक होतं. दोघांचे रब्बी लिओ बेक कॉलेजमध्ये एकाच बाकावर शिकत होते. हे कॉलेज १९५६ चं. एकत्र शिकलेली माणसं पुढे वेगळ्या संघटनांत गेली तरी फोनवर एकमेकांना ‘अरे-तुरे’च करतात. २०२३ च्या एप्रिलमध्ये दोन्ही संघटनांचे प्रमुख, रब्बी चार्ली बॅगिन्स्की आणि रब्बी जॉश लेव्ही, यांनी एकत्र येण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा आतल्या लोकांना फारसा धक्का बसला नाही.

हा प्रश्न मराठी वाचकाला दूरचा वाटेल, पण मराठी ज्यूंनी तो अंगावर घेतलेला आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमधल्या धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची पिढ्यान् पिढ्या मागे जाऊन चौकशी करण्याचं फर्मान काढलं. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची कथा सांगणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवली गेलेली ही माणसं, तिथे जाऊन अचानक ‘सिद्ध करा’च्या रांगेत उभी राहिली. त्यांनी निदर्शनं केली. १९६४ मध्ये इस्रायलच्या सरकारला आणि संसदेला ते सर्वार्थाने ज्यू आहेत असं म्हणावं लागलं. सभासदत्वाचा नियम हा कागदी तपशील वाटतो, पण त्याच्या पलीकडे कोणाचं तरी लग्न अडलेलं असतं.

“हे सगळं पैशासाठीच ना?”

बऱ्याच अंशी, हो. ते लपवायचं कारण नाही. सभासद वयस्कर होत आहेत, तरुण मंडळी रीतसर सभासद होत नाहीत, इमारतींची छपरं गळतात, सुरक्षेचा खर्च वाढतो आणि पूर्णवेळ रब्बी मिळवणं अवघड झालंय. एक कार्यालय, एक युवक विभाग, एक हिशेबनीस, यात बचत आहे.

पण नुसत्या बचतीसाठी केलेली विलीनीकरणं आंबतात. दोन दुबळी मंडळं जोडली की आपोआप एक सबळ होत नाही. कधी कधी दुप्पट मोठं दुबळं होतं. ब्रिटनमध्ये दुसरंही कारण होतं, आवाजाचं. तिथे माध्यमं ज्यांना ‘चीफ रब्बी’ म्हणून बोलावतात ते ऑर्थोडॉक्स सिनेगॉगांचे प्रमुख असतात. प्रागतिकांचे ते नव्हेत. तरी देशासमोर ज्यूंचा आवाज म्हणजे तेच. प्रागतिक दोन संघटनांत विभागलेले असताना त्यांचं म्हणणं कोपऱ्यात पडायचं. आता बोलायला एकच संघटना उभी राहील, निदान ऐकणाऱ्याला कोणाला फोन करायचा ते कळेल.

“मोठा लहानाला गिळणार नाही का?”

भीती खरी आहे. ब्रिटनमध्ये रिफॉर्मची संघटना दोघांत मोठी. पण दोघांनी वेगवेगळं मतदान घेतलं. एकत्र मोजणी केली असती तर लिबरलांचा नकार बुडून गेला असता. आपल्या सहकारी संस्थांच्या सभा पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व लगेच कळेल.

स्थानिक पातळीवर गिळणं जास्त सूक्ष्म असतं. ज्याची इमारत राहते त्याला आपण पाहुणे नाही, यजमान आहोत असं वाटत राहतं. चहाचे कप कुठल्या कपाटात आहेत हे त्यालाच ठाऊक असतं. दुसऱ्या मंडळाची बाई दर शनिवारी “कप कुठे ठेवलेत?” असं विचारते, आणि ती विचारायची थांबते तेव्हा विलीनीकरण झालं असं समजायला हरकत नाही. किंवा मग ती यायचीच थांबलेली असते. पहिल्या दोन-तीन वर्षांत काही कुटुंबं गळतातच.

“ऑर्थोडॉक्सांना याचं काय?”

त्यांच्या धर्मन्यायालयाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. लिबरल आणि रिफॉर्म दोघांचे धर्मप्रवेश त्यांना आधीही मान्य नव्हते, एकत्र संघटनेचेही नसतील. काही रिफॉर्मवाल्यांची खंत अशी की आपण परंपरेच्या जरा जवळ होतो, तो दुवा आता ढिला होईल. काही लिबरलांची नेमकी उलटी. आपला धीटपणा आता सरासरीत विरघळेल म्हणतात. दोन्ही बाजूंची भीती एकाच वेळी खरी ठरू शकत नाही, पण दोन्ही बाजूंची माणसं एकाच वेळी नाराज मात्र राहू शकतात.

मित्राने शेवटी विचारलं, “मग त्या मतदानानंतरच्या शनिवारी बदललं काय?” म्हटलं, बहुतेक ठिकाणी काहीच नाही. तोच रब्बी, तीच चाल, हेखालचं दार उघडताना तीच कुरकुर. वर्गणीच्या पावतीवरचं वरचं नाव बदलेल तेवढं. आणि जुन्या नावाच्या पावत्या, आमच्या गल्लीसारख्याच, कोणाच्या तरी कपाटात अजून दोन वर्षं पुरतील इतक्या उरलेल्या असतील.